तुझ्या घराचा कठडा

मननासाठी शास्त्रभाग : अनुवाद २२:१-८, मत्तय ४:५-७



अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायाचा आरंभ अगदी घरगुती गोष्टींनी होतो. भावाचे गुरू वाट चुकून भटकताना दिसले तर ते त्याला परत नेऊन द्यावे, वाटेत पडलेले गाढव उठविण्यास हात लावावा, रानात पाखराचे घरटे सापडले तर पिलांबरोबर आईलाही धरून नेऊ नये, अशा आज्ञा तेथे आहेत. त्यांच्याच मागोमाग आठव्या वचनात आणखी एक आज्ञा येते. जो कोणी नवे घर बांधील त्याने धाब्याला कठडा करावा. कठडा नसल्यामुळे तेथून कोणी खाली पडला, तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल.

सीनाय पर्वतावर ज्याने मेघगर्जनेतून आपले नियम दिले, त्या देवाने गवंड्याच्या कामातही लक्ष घातले, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. कठडा या अर्थाचा जो मूळ इब्री शब्द येथे आहे तो सबंध जुन्या करारात या एकाच ठिकाणी आढळतो. शब्द एकदाच आला, पण त्याच्यामागे माणसाच्या जिवाविषयीची देवाची जी काळजी आहे ती उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत भरून राहिली आहे. आज आपण या एका वचनाच्या उजेडात आपल्या दारातील पायऱ्यांकडे पाहू या.

धाब्यावरचे जीवन

पालेस्टाइनातील घरांची छपरे सपाट असत. भिंतींवर लाकडी तुळया टाकून, त्यांवर फांद्या व काटक्या पसरून, वर माती चोपून दगडी रूळ फिरवीत. सोलापूर, मराठवाडा किंवा कर्नाटकाच्या सीमेवरील खेड्यांत ज्यांनी पांढऱ्या मातीची धाबी पाहिली आहेत त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. पक्षाघाती मनुष्याला खाली सोडण्यासाठी चौघांनी छप्पर उकरले असे मार्क २:४ मध्ये का म्हटले आहे, तेही त्यांच्या लगेच ध्यानात येते.

धाबे म्हणजे त्या घराचा मोकळा मजलाच होता. राहाबेने हेरांना लपविले ते धाब्यावर वाळत घातलेल्या तागाच्या काड्यांखाली (यहोशवा २:६). शमुवेल शौलाशी बोलला ते धाब्यावर (१ शमुवेल ९:२५). नहेम्याच्या काळी लोकांनी मांडवांचा सण पाळला तेव्हा धाब्यांवर मांडव उभे राहिले (नहेम्या ८:१६). यापो येथे पेत्र दुपारच्या प्रार्थनेसाठी वर गेला तोही धाब्यावरच, आणि तेथेच परराष्ट्रीयांसाठी सुवार्तेचे दार उघडणारा दृष्टान्त त्याला झाला (कृत्ये १०:९).

म्हणजे काम, पाहुणचार, सण आणि प्रार्थना, सारे काही त्या उंच जागी चालत असे. मग पडण्याचे भयही तेथे असणारच. शोमरोनात अहज्या राजा माडीच्या जाळीतून खाली पडला आणि त्या दुखण्यातून उठला नाही (२ राजे १). त्रोवस येथे युतुख नावाचा तरुण पौलाचे भाषण ऐकत असताना झोपेच्या गुंगीत तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडला (कृत्ये २०:९). शौलाचा नातू मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडला आणि जन्मभर दोन्ही पायांनी पांगळा राहिला (२ शमुवेल ४:४). एक राजा, एक भाविक श्रोता, एक निष्पाप लेकरू. पडणे कोणाचा दर्जा पाहत नाही.

आपली धाबी आपल्या पायऱ्या

येथे कोणी म्हणेल, "आमच्या गच्चीला कठडा आहे. मग हे वचन आम्हांस कसे लागू?" नियमशास्त्रच याचे उत्तर देते. ज्याने खड्डा खणून उघडा ठेवला आणि त्यात दुसऱ्याचे जनावर पडले, त्याने भरपाई करावी असे निर्गम २१:३३-३४ सांगते. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये असे लेवीय १९:१४ सांगते. तत्त्व एकच आहे : माझ्या जागेत जे धोक्याचे आहे त्याचा जाब मला द्यावा लागेल. बाराव्या शतकातील यहूदी पंडित मायमोनिडीज यानेही या आज्ञेचा अर्थ असाच लावला आहे. कठडा निदान दहा तळहात-रुंदी, म्हणजे सुमारे अडीच फूट उंच असावा आणि अंगणातल्या विहिरीलाही तसेच आवार हवे, असे तो सांगतो.

आता आपली घरे पाहा. गोव्यात पावसामुळे जोते उंच घेतात. जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढून बाल्कांवात जावे लागते, आणि आषाढ-श्रावणात त्या पायऱ्यांवर हिरवे शेवाळ धरते. बेळगाव-खानापूर भागातही पाऊस थोडा नाही. हैदराबादेकडे शहाबादी फरशीच्या पायऱ्या वर्षानुवर्षांच्या वावराने गुळगुळीत झालेल्या असतात. इंदूर-ग्वाल्हेरकडील जुन्या घरांत पायरी उंच आणि अरुंद. वडोदऱ्यासारख्या शहरांत नवी घरे झाली, त्यांच्या दारात चकचकीत ग्रॅनाइट आले. ते ओले झाले की तरण्याताठ्या माणसाचाही पाय सटकतो. आणि या साऱ्या ठिकाणी पुष्कळ घरांत एक गोष्ट सारखीच दिसते. पायऱ्यांना धरावयास काही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६,८४,००० माणसे पडल्यामुळे मरण पावतात. अपघाती इजेने होणाऱ्या मरणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल हेच कारण आहे, आणि साठीच्या पुढील माणसांचे मरण त्यात सर्वांत अधिक. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर पुष्कळांचे पुन्हा पहिल्यासारखे चालणे होत नाही. तेव्हा पायरी ही लहान गोष्ट आहे असे समजू नका.

आज्ञेतील तीन गोष्टी

पहिली गोष्ट, ही आज्ञा पडण्याआधीची आहे. नवे घर बांधतानाच कठडा करा, असे देव म्हणतो. आपण मात्र बहुतेक उलट करतो. आजोबा पडले, प्लास्टर झाले, महिनाभर सारे घर धावपळीत गेले, आणि मग लोहाराला बोलावणे गेले. पश्चात्तापाने बांधलेला कठडाही चांगलाच, कारण त्याने पुढचा मनुष्य वाचेल. पण प्रीती दुखणे येईपर्यंत थांबत नाही. ती आधी पाहते.

दुसरी गोष्ट, कोण पडेल याचे नाव या आज्ञेत नाही. घरधनी, त्याची मुले किंवा त्याचे आप्त एवढ्यांसाठीच कठडा करा असे म्हटलेले नाही. तेथून जो कोणी पडेल त्याच्याविषयी बोललेले आहे. आपल्याला आपल्या पायऱ्या पाठ असतात. तिसरी पायरी थोडी खचली आहे, शेवटची बुटकी आहे, हे आपल्या पायांना अंधारातही ठाऊक असते. पण भल्या पहाटे येणारा दूधवाला, टपालवाला, घरकामाला येणारी बाई, पहिल्यांदाच भेटीस आलेला पाहुणा, यांना ते ठाऊक नसते. कठडा हा मुख्यतः परक्यासाठी आहे. आपला शेजारी कोण, या प्रश्नाला प्रभूने जे उत्तर दिले ते आपल्या दाराच्या पायरीपासूनच लागू होते.

तिसरी गोष्ट, दोष पडणाऱ्यावर ठेवलेला नाही. आपण लगेच म्हणतो, "बघून चालायला काय झाले होते?" देवाने तसे म्हटले नाही. पडणारा बेसावध असेलही. तरी जे करणे घरधन्याच्या हातात होते ते त्याने केले की नाही, एवढेच देव विचारतो. काइनाने आपल्या भावाची राखण आपल्याकडे नाही असे सुचविले (उत्पत्ती ४:९). हे वचन त्याला उत्तर देते : तू राखणदार आहेस, निदान तुझ्या घराच्या कडेपर्यंत तरी आहेस.

"आई, तू खाली उतरू नकोस"

बेळगावकडील एका गावात पाळकसाहेब घरभेटीस गेले होते. त्या घरच्या आजी पूर्वी दर रविवारी पुढच्या बाकावर असत. पण वर्षभर त्यांचे उपासनेस येणे बंद झाले होते. मंडळीत कुजबूज होती की म्हातारपणी आजींचा विश्वास थंड झाला. पाळकसाहेबांनी अदबीने कारण विचारले. आजी हसून म्हणाल्या, "पाळकसाहेब, विश्वास आहे तिथंच आहे. पण प्रभूच्या घरी जायला आधी या नऊ पायऱ्या उतराव्या लागतात, आणि धरायला काही नाही."

मुलगा जवळच उभा होता. तो आईवर जीव लावणारा होता, यात संशय नाही. तो म्हणाला, "मीच सांगितलंय तिला, आई, तू खाली उतरू नकोस. काय हवं ते आम्ही वर आणून देतो. बायबल आहे, रेडिओ आहे. पडली-बिडली तर काय करायचं?"

पाळकसाहेबांनी अनुवादाचे हेच वचन वाचले आणि एवढेच विचारले, "बाळ, देवाने येथे 'धाब्यावर कोणी चढू नये' अशी आज्ञा का दिली नसेल?"

प्रियजनहो, या प्रश्नापाशी आपण थोडे थांबू या, कारण या वचनाचे मर्म येथे आहे. धाब्यावर जाण्यास मनाई केली असती तर कोणीच पडले नसते. काम सोपे होते आणि खर्चही नव्हता. पण मग पेत्राची प्रार्थना कोठे झाली असती? मांडवांचा सण कोठे झाला असता? देवाला आपली माणसे केवळ जिवंत राहावीत एवढेच नको होते. त्यांनी वर जावे, वारा घ्यावा, एकमेकांस भेटावे, प्रार्थना करावी, असे त्याला हवे होते. म्हणून त्याने जागा बंद केली नाही. त्याने कडेला कठडा बांधावयास सांगितले.

आपल्या घरांतून किती वृद्ध माता-पिता प्रेमाने कोंडले गेले आहेत! "तू बस, तू उतरू नकोस, तुला काय करायचंय बाहेर?" हे शब्द काळजीचे असतात, खोटे नसतात. पण ते ऐकता ऐकता म्हाताऱ्या माणसाचे जग एका खोलीएवढे होते. प्रथम बाजार सुटतो, मग शेजार सुटतो, मग प्रभुभोजनाची मेजही सुटते. पाचवी आज्ञा आईबापांचा मान राखावयास सांगते. त्यांना जपून ठेवणे हा मानाचा एक भाग झाला. त्यांना आपल्या पायांनी दाराबाहेर जाता येईल अशी सोय करणे हा दुसरा, आणि तोच आपण विसरतो.

त्या घरी पंधरा दिवसांत लोखंडी पाइपचा कठडा बसला. आजी पहिल्या दिवशी खाली उतरल्या त्या कोठे गेल्या असे तुम्हांस वाटते? चर्चला नव्हे, कारण तो रविवार नव्हता. त्या समोरच्या घरी गेल्या. तेथील बाईचे यजमान चार महिन्यांपूर्वी वारले होते, आणि आजींना समाचाराला जाता आले नव्हते.

विश्वास आणि कठडा

काही भाविक जन म्हणतात, "आमचा राखणारा देव आहे. कठड्यावर काय भरवसा ठेवायचा?" स्तोत्र ९१ आणि स्तोत्र १२१ यांतील अभिवचने खरी आहेत, त्यांचा आधार कोणी सोडू नये. पण ध्यानात घ्या, स्तोत्र ९१ मधील देवदूतांचे वचन एकदा सैतानानेही उच्चारले होते. मंदिराच्या शिरोभागी प्रभूला उभे करून, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे त्याने सुचविले. प्रभूने त्याला जे उत्तर दिले ते अनुवादाच्या सहाव्या अध्यायातून घेतले : देवाची परीक्षा पाहू नये. कठड्याची आज्ञा याच ग्रंथात आहे, हे विशेष. जेथे देवाने हात आणि अक्कल दिली आहे तेथे ती न वापरता चमत्काराची वाट पाहणे हा विश्वास नव्हे. जो देव आपला पाय घसरू देत नाही, तो पुष्कळदा लोहाराच्या हातून आपली राखण करतो.

दुसरी अडचण शोभेची असते. "दर्शनी पायऱ्यांना पाइप लावला तर घराची शोभा जाईल." बंधूंनो, ज्या घरात म्हातारे मनुष्य निर्भयपणे चढते-उतरते त्या घराहून सुंदर घर कोणते?

आणि एक शब्द वृद्धांसाठी. कठडा लावू म्हटले की पुष्कळ आजोबा म्हणतात, "मी काय एवढा थकलो आहे?" पेत्रासारख्या धडाडीच्या शिष्यालाही प्रभूने सांगून ठेवले होते की म्हातारपणी तू हात लांब करशील आणि दुसरा तुझी कंबर बांधील (योहान २१:१८). आधार घेण्यात कमीपणा नाही. तुम्ही कठडा धरला म्हणजे मागून येणारे नातवंडही धरावयास शिकते.

कठडा कसा असावा

देवाने जे काम तपशिलात सांगितले ते आपणही तपशिलात पाहावे. कठड्याची धरण्याची दांडी पायरीच्या कडेपासून साधारण तीन फूट उंच असावी. ती मुठीत मावावी; सव्वा ते दीड इंच जाडीचा गोल पाइप हाताला चांगला बसतो, रुंद सपाट पट्टी घट्ट धरता येत नाही. दांडी पहिल्या पायरीच्या थोडी आधी सुरू व्हावी आणि शेवटच्या पायरीच्या फूटभर पुढे जावी, कारण शेवटची पायरी संपली असे वाटून पुष्कळ जण तेथेच पडतात. बाजूला भिंत असेल तर दांडी व भिंत यांत दोन इंच जागा ठेवावी, म्हणजे बोटे अडकणार नाहीत. घरात लहान मुले असतील तर उभ्या गजांतील अंतर चार इंचांहून अधिक नसावे. जागा असेल तर दोन्ही बाजूंना कठडा करावा. अर्धांगाने एक हात गेलेल्यास दुसऱ्या हाताला आधार मिळतो.

खांब काँक्रीटमध्ये नीट पुरलेले असावेत. पायरीच्या अगदी कडेला ठोकले तर दगडाचा टवका निघून खांब हलू लागतो. हलणारा कठडा नसलेल्या कठड्याहून वाईट, कारण मनुष्य त्याच्यावर भार टाकतो. लोखंडास आधी गंजरोधक रंग द्यावा व पावसाळ्यापूर्वी दरवर्षी हलवून पाहावे. शेवाळ घासून काढावे, पायरीच्या कडेस पांढरा पट्टा ओढावा, आणि दारात दिवा असावा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाशी नम्रतेने बोलावे. पाइप काढता येईल असा बसविता येतो.

आणि आपली उपासना-मंदिरे? त्यांना पायऱ्या किती, आणि कठडे किती? वडील मंडळींनी येत्या सभेत हा विषय घ्यावा. जी भगिनी काठी टेकीत येते तिला प्रत्येक रविवारी कोणाचा तरी हात मागावा लागू नये.

कठडा म्हणजे भिंत नव्हे

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी या वचनातील आणखी एक बोध मुलांपुढे ठेवावा. देवाच्या आज्ञा कठड्यासारख्या आहेत. त्या आपल्याला वर जाऊ देतात आणि कडेवर सावरतात. परूशी लोकांनी मात्र माणसांच्या खांद्यांवर अवजड ओझी बांधली (मत्तय २३:४). त्यांनी कठड्याची भिंत केली. आपणही मुलांना नुसते "हे करू नको, तिकडे जाऊ नको" असे सांगत राहिलो तर तेच होईल. मुलांना धाब्यावर नेले पाहिजे आणि कठडा कोठे आहे ते दाखविले पाहिजे. पौलाने रोमकरांस १४:१३ मध्ये भावाच्या वाटेत अडखळण न ठेवण्याचा जो निश्चय करावयास सांगितला, तो लहान मुलालाही समजेल : माझ्यामुळे कोणी पडू नये.

वर्गातील मुलांना एक काम द्यावे. प्रत्येकाने आपल्या घरच्या पायऱ्या मोजाव्यात, डोळे मिटून व मोठ्या माणसाचा हात धरून एकदा उतरून पाहावे, आणि आजी-आजोबांना विचारावे की त्यांना कोणत्या पायरीची भीती वाटते. पुढच्या रविवारी ती उत्तरे वर्गात ऐकावीत. पुष्कळ घरांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला जाईल.

शेवटी, आपण सर्वच पडणारी माणसे आहोत हे विसरू नये. पेत्र बुडू लागला तेव्हा प्रभूने त्याला नावेतच का राहिला नाहीस असे विचारले नाही. त्याने तत्काळ हात पुढे करून त्याला धरले (मत्तय १४:३१). मंदिराच्या शिरोभागावरून ज्याने उडी टाकली नाही, तो आपल्यासाठी मात्र वधस्तंभापर्यंत खाली उतरला, आणि आपले रक्त त्याने आपल्या माथी घेतले. अशा प्रभूने ज्यांना धरले आहे, त्यांच्या दारात दुसऱ्याला धरावयास काही नसावे, हे शोभत नाही.

या आठवड्यात एका संध्याकाळी, दिवा लावण्याच्या वेळी, आपल्या दाराच्या पायऱ्यांशी उभे राहा. येथून कोण येते, कोण येऊ शकत नाही, आणि कोणी येण्याचे सोडून दिले, याचा विचार करा; आणि मग जे करणे तुमच्या हातात आहे ते करा.

प्रार्थना : हे आमच्या राखणाऱ्या पित्या, आमच्या घरात जे धोक्याचे आहे ते पाहण्यास आमचे डोळे उघड. वृद्धांना आम्ही कोंडून ठेवू नये, तर त्यांच्या हाताला आधार द्यावा, अशी प्रीती आम्हांस दे. आमच्या दारातून आत येणारा व बाहेर जाणारा प्रत्येक जण सुखरूप राहो, आणि आमच्या घरावर कोणाच्याही रक्ताचा दोष न येवो. प्रभु येशूच्या नावाने मागतो. आमेन.